आमची ती ठेव नव्हे, पिग्मी

टेबलावर मी ४६ कार्डं पसरली, प्रत्येकावर पतसंस्थेतलं एकेक काम किंवा माहिती लिहिलेली. समोर बसलेल्या निवृत्त गुरुजींनी चष्मा पुसला, दोन-चार कार्डं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “ह्याची उत्तरं तपासणार कोण?”

बरोबर-चूक काही नाही गुरुजी, म्हटलं, जी कार्डं एकमेकांच्या शेजारी हवीत असं वाटतं त्यांचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला तुमच्या मनानं नाव द्या. त्यांनी बाजूच्या खुर्चीतल्या शाखाधिकाऱ्यांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. मग गुरुजी एकेक कार्ड उचलत गेले आणि ठेवण्याआधी दर वेळी साहेबांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत गेले. वीसेक मिनिटांनी टेबलावर जे तयार झालं ते संस्थेच्या वार्षिक अहवालाचं अनुक्रमणिकेचं पान होतं. सभासद, ठेवी, कर्जे, प्रशासन.

दिवसभरात आणखी चौघे आले. एक किराणा दुकानदार, एक मंगल कार्यालयाचे मालक, दोन माजी संचालक. सगळ्यांची तीच अनुक्रमणिका. संध्याकाळी साहेब खूश होते. “बघा मॅडम, आमच्या सभासदांना सगळं व्यवस्थित माहीत आहे.” दिवस वाया गेला हे मला परतीच्या एसटीत बसल्यावर कळलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही पतसंस्था. सभासदांसाठी मोबाइल अ‍ॅप आणि वेबसाइट करायची होती, शिवाय काउंटरवरचं जुनंपानं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. ज्या कंपनीकडे हे काम आलं तिनं मला बोलावलं ते मेन्यूसाठी. मेन्यू म्हणजे ऐकायला चिल्लर काम. दहा-बारा शब्द तर लिहायचे. जुन्या वेबसाइटवरही ते कुणीतरी लिहिलेच होते. पहिला ‘अध्यक्षांचे मनोगत’, दुसरा ‘संचालक मंडळ’, तिसरा ‘छायाचित्र दालन’. मुदत ठेवीचा व्याजदर पाहायचा तर ‘योजना’ उघडायच्या, त्यात ‘परिपत्रके’ उघडायची आणि यादी बोटानं वर वर ढकलत बसायचं. काउंटरवर रोज फोन वाजत होते ते बहुतेक व्याजदरासाठीच.

खरं सांगायचं तर याआधीची कितीतरी वर्षं मी मेन्यू खोलीत एकटी बसून लिहीत आले. शब्द नेमका असला की झालं, अशी माझी समजूत होती. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८७ चा एक शोधनिबंध फार उशिरा वाचनात आला. एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनानं नाव देतात तेव्हा दोघांचं नाव एकच निघण्याची शक्यता पाचात एकापेक्षाही कमी असते, असं त्यांनी निरनिराळ्या विषयांत मोजून दाखवलं होतं. म्हणजे मला सुचलेला शब्द कितीही देखणा असला तरी बहुतेकांच्या तोंडी तो नसणारच. तेव्हापासून मी आधी कार्डं घेऊन बसते. प्रत्येक कार्डावर एक काम किंवा एक माहिती, माणसं गठ्ठे करतात, नावं देतात, आपण गप्प बसून बघायचं. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. गप्प बसणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग.

दुसऱ्या खेपेला दोन गोष्टी बदलल्या. साहेबांना सांगितलं की तुम्ही खोलीत नसाल. ते जरा दुखावले, पण तयार झाले. दुसरी गोष्ट, माणसं मी निवडणार. पहिल्या दिवशीची पाचही माणसं त्यांनी फोन करून बोलावलेले ‘चांगले सभासद’ होते, ज्यांना काउंटरवर रांग लावावी लागत नाही असे. आता मी बाजाराच्या दिवशी सकाळपासून शाखेतल्या बाकावर बसले आणि संध्याकाळी पिग्मी एजंट दादांच्या, म्हणजे रोज दारोदार फिरून बचतीचे थोडे थोडे पैसे गोळा करणाऱ्या दादांच्या, स्कूटरवर मागं बसून मंडईत फिरले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा भाजीच्या पाटीशेजारी पोतं अंथरून कार्डं लावायची.

तिथं माझी दुसरी फजिती झाली. कार्डं छापून घेताना प्रेसवाल्याकडे लग्नपत्रिकांचा जाड कागद उरलेला होता, स्वस्तात मिळाला. गुलाबी, पिवळा, पिस्ता. एका मावशींनी कार्डं हातात घेतली आणि दोन मिनिटांत तीन स्वच्छ गठ्ठे लावून दिले. गुलाबी इकडं, पिवळी तिकडं, हिरवी मधे. “झालं की,” म्हणाल्या. खरंच झालं होतं. मी सांगितलं होतं ते त्यांनी तंतोतंत केलं. त्या रात्री सगळी कार्डं पांढऱ्या कागदावर, दुप्पट मोठ्या अक्षरात पुन्हा छापली. सहा जणींना वाचायचं फार जड जाईल असं दिसलं, त्यांच्यासाठी कार्डं २८ वर आणली आणि मी मोठ्यानं वाचून दाखवायची असं ठरवलं.

तरीही पहिलं वाक्य बहुतेकींचं ठरलेलं, “तुमीच लावा की ताई, तुमी शिकलेल्या.” ही भीती कशी घालवायची ते मला एका मावशींच्याच घरी सापडलं. कट्ट्यावर किराणा आणून ठेवला होता. मी म्हटलं, संस्थेचं राहू द्या, सून नवी आलीय, हे सामान कुठं काय ठेवायचं ते तिला दाखवा. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे आणि बटाटे त्यांनी एका बाजूला केले. “हे एकादशीचं.” पोहे आणि रवा दुसरीकडे, “पाव्हणं आल्यावर लागतं.” ज्वारी, तूरडाळ, तांदूळ, “हे रोजचं.” माझ्या डोक्यात धान्यं, डाळी, भाज्या असे रकाने होते आणि बटाटे तर मी राजगिऱ्याशेजारी जन्मात ठेवले नसते. पण त्या स्वयंपाकघरात हात कधी कशासाठी जातो याचा तो नकाशा होता. त्यानंतर प्रत्येक बैठक मी किराणा सामानाच्या कार्डांनी सुरू केली. पाच मिनिटं जातात, माणूस मोकळा होतो, आणि मलाही माझे रकाने विसरायला मदत होते.

मग खऱ्या कार्डांवर जे दिसू लागलं त्यानं माझी वही भरून गेली.

‘खातेउतारा’ हे कार्ड घ्या. बँकेच्या भाषेत खात्यावरच्या जमा-नावेचा तपशील. तीन शेतकऱ्यांनी ते ‘कर्जासाठी कागदपत्रे’च्या गठ्ठ्यात टाकलं, सातबाराच्या शेजारी. मला वाटलं चुकून. तिसऱ्या वेळी विचारलं. “आठ-अ नको का? कर्ज काढायचं तर सातबारा आणि खातेउतारा लागतोच.” गाव नमुना आठ-अ ला, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीच्या उताऱ्याला, गावात खातेउताराच म्हणतात. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या शब्दाआधी तलाठ्याचा शब्द त्यांच्या घरात पोचलेला होता. आपल्या खात्यात किती आहे हे बघायला ते काय म्हणतात? “पासबुक.” छापील पुस्तक असो वा मोबाइलची काच, पासबुकच.

सोनेतारण कर्ज कर्जाच्या गठ्ठ्यात जाईल याबद्दल मला शंकाच नव्हती. बायकांपैकी जवळजवळ कुणीच तिथं ठेवलं नाही. कर्ज म्हणजे दोन जामीनदार, फेऱ्या, नोटीस, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याची सही. सोनं म्हणजे आपलं आपण नेऊन ठेवायचं आणि दुपारपर्यंत पैसे घेऊन यायचं. एकीनं ते ‘अडीनडीला’ नावाच्या गठ्ठ्यात ठेवलं, ठेवतारण उचलीच्या शेजारी. ती उचलही ऑफिसच्या हिशेबी कर्जच. पण “पैसे आमचेच, त्यावर आम्हीच उचल घ्यायची, त्याला कर्ज कशाला म्हणायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेचं कार्ड मी ‘संस्थेविषयी’त जाईल असं धरलं होतं. ते गेलं लाभांशाबरोबर आणि दिवाळीच्या भेटवस्तूबरोबर. वर्षातून एकदा सभेला जायचं, डिव्हिडंड घ्यायचा, भेटवस्तूची पिशवी घेऊन यायचं. एकाच दिवसाच्या तीन गोष्टी.

आणि पिग्मी. माझ्या कार्डावर ‘दैनंदिन ठेव’ असं शुद्ध लिहिलेलं. एका भाजीवाल्या आजींनी ते कार्ड ऐकलं आणि बाजूला काढलं, हे आमचं नव्हे म्हणून. शेजारी एजंट दादा उभे होते, आजींच्या हातात त्यांनीच दिलेली आजची पावती होती. ते गडबडीनं म्हणाले, “आजी, तुमचीच की.” आजी ठाम. “आमची कुठली ठेव? ठेव म्हंजे एकदम ठिवायची, लाखाची. आमची आपली पिग्मी.” पिग्मीच्या गठ्ठ्यात त्यांनी काय काय ठेवलं? एजंटचा नंबर, आजची पावती, आणि कर्जाचा हप्ता, कारण तोही दादाच घेऊन जातात. संस्थेची सगळी बाजू त्यांच्यासाठी एका स्कूटरवर बसून येत होती.

हा शब्द मुळात आपल्याकडचा नाही, गंमत म्हणजे. उडुपीला टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं, पुढे ती सिंडिकेट बँक झाली, १९२८ साली रोज दोन-दोन आणे दारात येऊन गोळा करायची योजना काढली, तिचं नाव पिग्मी. इंग्रजीत त्याचा अर्थ ठेंगणा, बुटका. साताऱ्याच्या मंडईत तो अर्थ कुणाला माहीत नाही आणि शब्द मात्र घरचा झाला आहे. त्याच्या जागी ‘दैनंदिन ठेव’ बसवणारी मी कोण?

बैठका १९ झाल्या तेव्हा थांबले. किती माणसं पुरतात यावर वाद आहे. टॉम टुलिस आणि लॅरी वूड यांनी २००४ मध्ये १६८ जणांच्या कार्ड सॉर्टिंगमधून लहान लहान नमुने काढून पाहिले आणि वीस ते तीस जणांचा आकडा सुचवला. जेकब निल्सन यांनी त्याच अभ्यासाच्या आधारे पंधरा पुरेत असं म्हटलं. माझ्यापुरतं सांगायचं तर पंधराव्या माणसानंतर नवीन गठ्ठे दिसेनासे झाले होते, फक्त नवीन नावं येत होती.

पुढचा आठवडा बसून मोजण्यात गेला. ४६ कार्डांच्या १,०३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी किती जणांनी एका गठ्ठ्यात ठेवली ते तक्त्यात मांडायचं. सहा जणींनी २८च कार्डं लावली होती, त्यामुळे काही चौकोनांत १९ पैकी आणि काहींत १३ पैकी असा हिशेब ठेवावा लागला. कंटाळवाणं काम, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. उपयोग एवढाच की ‘मला असं वाटतं’ म्हणायची पाळी येत नाही. बोट ठेवून दाखवता येतं.

पण गठ्ठे म्हणजे मेन्यू नव्हे, ही चूक मी पूर्वी केलेली आहे. वस्तू मांडणारा हात वेगळा आणि वस्तू शोधणारा हात वेगळा. म्हणून उलटी परीक्षा घ्यायची. डोना स्पेन्सर यांनी २००३ मध्ये ती निव्वळ कागदी कार्डांवर कशी घ्यायची ते लिहिलं होतं, आता तिला ट्री टेस्टिंग म्हणतात. चित्र नाही, रंग नाही, मोबाइल नाही. एका कार्डावर मेन्यूचे वरचे शब्द. मी काम सांगते, समोरचा शब्दावर बोट ठेवतो, मी त्या शब्दाखालचं कार्ड पुढे करते. चुकलं तर परत मागं. यासाठी नवीन बारा माणसं घेतली, आधीची नाही.

कामं सांगताना मेन्यूतला शब्द तोंडातून निसटू द्यायचा नाही. ‘नॉमिनी बदला’ असं म्हटलं तर माणूस तोच शब्द शोधतो. म्हणून म्हणायचं, “तुमच्या पश्चात पैसे धाकट्याच्या हातात जावेत असं तुमच्या मनात आलं, तर कुठं जाल?” या एका प्रश्नावरून सगळ्यात मोठा पेच आला. जुन्या अर्जावर ‘नामनिर्देशन’ होतं, तो शब्द कुणालाच कळत नव्हता. कार्डांवर लोकांनी सर्रास ‘वारस लावणे’ लिहिलं होतं. मी उत्साहानं मेन्यूत ‘वारस’ घातलं. संस्थेच्या वकिलांनी ते पाहिलं आणि लाल पेन उचललं. नामनिर्देशित माणूस वारस असतोच असं नाही, पैसे त्याच्या हाती येतात, पण मालकी वारसांची ठरू शकते. उद्या भावाभावांत भांडण लागलं तर तुमच्या अ‍ॅपमधला शब्द कोर्टात येईल, म्हणाले. त्यांचं म्हणणं योग्य होतं. वापरणाऱ्यांना विचारायचं म्हणजे त्यांचा प्रत्येक शब्द उचलायचा असं नव्हे, हे मी तिथं शिकले. शेवटी ‘नॉमिनी’ ठेवला. विम्याच्या कागदांनी तो शब्द घरोघर नेलेला आहे, आणि त्याच्या पानावर पहिलीच ओळ लिहिली की नॉमिनी आणि वारस एकच नसतात. परीक्षेत बारापैकी दहा जणांनी सरळ त्यावर बोट ठेवलं.

सगळं असं सुटलं नाही. ठेवतारण उचल आजही मला नीट लागलेली नाही. मेन्यूत ती कर्जात आहे आणि ठेवींच्या पानावर तिचा एक दुवा आहे, म्हणजे दोन्ही दारांना एक-एक पाय. हप्ता भरायचा दुवा कर्जात आहे, पिग्मीतही आहे. माझ्या ओळखीचे एक शिस्तीचे डिझायनर हे पाहून नाक मुरडतात. मुरडोत.

काउंटरवरच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मात्र निराळीच निघाली. कॅशियर मॅडमना मी त्याच उत्साहानं कार्डं दिली. त्यांनी ती छान लावली, गठ्ठ्यांना शहाणी नावं दिली. मग मी दोन दिवस त्यांच्या मागं स्टूल टाकून बसले. जुना पडदा काळा, त्यावर आकड्यांचा मेन्यू. त्यांची बोटं तीन, एक, दोन, एंटर. नजर स्लिपवर, कान समोरच्या माणसाकडे. पडद्यावर मेन्यू उमटायच्या आधी पुढचा आकडा दाबलेला असायचा. “मॅडम, मेन्यू मी वाचतच नाही,” त्या हसून म्हणाल्या, “नवीन मुलगी आली तेव्हा शेवटचा वाचला असेल, तिला शिकवताना.” त्यांनीच लावलेल्या सुंदर गठ्ठ्यांप्रमाणे मी ती रचना बदलली असती तर बाजाराच्या दिवशी जमा नावे पडली असती आणि नावे जमा. नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन नायगार्ड यांनी धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं, संगणक येणार तर ज्यांच्या हातावर तो येणार त्यांचं त्यात चालायला हवं म्हणून. ते वाचताना मला संघटना, ठराव, बैठका असं मोठं काहीतरी वाटायचं. इथं ते एका बाईच्या उजव्या हाताच्या तीन बोटांत होतं. नव्या सॉफ्टवेअरचा पडदा बदलला, शब्द मोठे झाले, पण ३-१-२ तसंच ठेवलं. जुने आकडे आणि त्यांचा क्रम, जिथल्या तिथं.

संचालक मंडळाची बैठक सगळ्यात शेवटी. एक तरुण इंजिनिअर संचालक म्हणाले, मेन्यूत सातपेक्षा जास्त गोष्टी असू नयेत, माणसाच्या डोक्यात तेवढ्याच राहतात. हे मला दर कामात कुणीतरी सांगतंच. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो लेख लक्षात ठेवायच्या गोष्टींबद्दल आहे. मेन्यू समोर लिहिलेला असतो, पाठ करायचा नसतो. मी एवढंच म्हटलं आणि विषय वाढवला नाही, कारण खरा विषय पुढं होता. ‘अध्यक्षांचे मनोगत’ पहिल्या जागेवरून हलवायचं होतं.

आकडे दाखवून हे होत नाही, तेवढी अक्कल आता आली आहे. मी अध्यक्षांपुढेच कागदी कार्डं ठेवली, त्यांच्याच जुन्या वेबसाइटच्या मेन्यूची. म्हटलं, अण्णा, नातवाच्या नावची ठेव कधी संपते ते बघायचंय. अण्णांनी ‘योजना’वर बोट ठेवलं. मग ‘सभासद’वर. मग ‘संपर्क’वर. चौथ्या वेळी त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि हसले. “मी शाखेत फोन करीन.” सगळे हसले. मग मी १९ जणांचे गठ्ठे काढले आणि ‘मनोगत’ कुठं गेलं होतं ते दाखवलं. सतरा जणांनी ते ‘बाकीचं’मध्ये ठेवलं होतं, दोघांनी परत माझ्या हातात दिलं होतं. अण्णांनी सौदा केला. मनोगत ‘संस्थेविषयी’त जाईल, पण दिवाळीचे चार दिवस शुभेच्छा वर पाहिजेत, फोटोसह. कबूल केलं. मेन्यू ठरला तो असा: पासबुक, पिग्मी, ठेवी, कर्ज, सोनेतारण, लाभांश आणि सभा, नॉमिनी, संस्थेविषयी. इंजिनिअर साहेबांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, “आठ झाले.”

अ‍ॅप सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांनी त्या शाखेत गेले होते. व्याजदराचे फोन कमी झालेत असं साहेब म्हणाले, किती ते त्यांनी मोजलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. जाताना काउंटरकडे लक्ष गेलं. ‘दैनंदिन ठेव विभाग’ अशी पितळी पाटी पूर्वीचीच, घासूनपुसून लखलखीत. तिच्या खाली काचेवर वहीचं पान चिकटवलेलं, शिपाई दादांच्या अक्षरात: ‘पिग्मी येथे’. मी विचारलं, हे कधी लावलं? “लोक मोबाइलमधे बघून येत्यात आन् विचारत्यात पिग्मीचं काउंटर कुठलं,” ते म्हणाले. “दिवसभर कोण सांगत बसणार?”